निवळलेलं पाणी

अंजलै मजुरांच्या ज्या लाइनीत, एका ओळीतल्या खोल्यांत, जन्मली, तिच्या मागे तेव्हा रबराचा मळा होता. तिची आई पहाटे कपाळाला दिवा बांधून झाडांना छेद द्यायला जायची आणि उन्हं वर यायच्या आत चिकाच्या बादल्या घेऊन परत यायची. पुढे मळा विकला गेला, झाडं तोडली गेली आणि त्या जागेवर मलेशियातल्या इपोह शहराचा आणि आजूबाजूच्या गावांचा कचरा येऊन पडायला लागला. लाइनीतल्या माणसांना मात्र कुणी हलवलं नाही. हलवायचं म्हटलं तर आधी ती कुणाची तरी असायला हवी होती.

कचऱ्याचा बघता बघता डोंगर झाला. वर मातीचं पांघरूण, त्यावर गवत, लांबून बघणाऱ्याला वाटावं टेकडीच आहे. पण पायथ्यातून सतत काहीतरी पाझरत असायचं. काळसर, तपकिरी, उकळून उकळून आटवल्यासारखं. लाइनीतले सगळे त्याला 'काढा' म्हणायचे. लहान पोरं खोकली की आया म्हणायच्या, "औषध पितोस का आणू डोंगराचा काढा?" पोरं मुकाट्याने तोंड उघडायची.

डोंगराच्या खालच्या अंगाला कथिलाच्या जुन्या खाणीचं तळं होतं. कथील संपलं, खाणवाले गेले, खड्ड्यात पाणी साचलं. त्या तळ्यात अंजलैच्या धाकट्या भावाचे, वीरैयाचे, माशांचे पिंजरे होते. निळ्या पिंपांवर तरंगणाऱ्या लाकडी चौकटी, खाली सोडलेल्या जाळ्या आणि त्यांत लाल चिलापी. शहरातले चिनी खानावळवाले शनिवारी गाडी घेऊन यायचे आणि जिवंत मासे घेऊन जायचे. वीरैया चौकटीवरून चालायला लागला की मासे त्याच्या पावलांमागे यायचे. "बायकोपेक्षा बरे," तो म्हणायचा, "हाक मारावी लागत नाही." त्याची बायको पाक्यम काठावरून म्हणायची, "त्यांना खायला घालतोस म्हणून येतात. मला घालून बघ कधी."

मग एका पावसाळ्यात डोंगराचा बांध फुटला, काढा सरळ तळ्यात उतरला आणि आठवड्याभरात सगळे मासे उलटे झाले. तळं चहासारखं झालं ते तसंच राहिलं. वीरैया शहरात एका गोदामावर रखवालदारी करायला लागला. पण पिंजरे त्याने मोडले नाहीत. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या पिंजऱ्यांच्या जाळ्या शिवत बसायचा. लोक हसायचे. पाक्यमने हसणं सोडून दिलं होतं.

त्या घटनेनंतर कचरा टाकणाऱ्या कंपनीने पायथ्याशी काढा साफ करायची शेड बांधली आणि कामाला लाइनीतली माणसं घेतली. अंजलैला तेव्हा विधवा होऊन बरेच दिवस झाले होते, मुलगी लग्न होऊन क्लांगला गेली होती. तिने काम धरलं. काम समजायला सोपं होतं. शेडच्या वर बांध घालून केलेल्या साठवण तळ्यातून काढा टाकीत यायचा, त्यात तुरटी सोडायची, आधी जोरात ढवळायचं, मग हळूहळू. मग थांबायचं. दूध फाटावं तसा काढा फाटायचा, साका खाली बसायचा, निवळ वर यायची. तुरटीने पाणी आंबट होतं म्हणून शेवटी चुना घालायचा आणि व्हॉल्व्ह उघडून ते खाली खाणीच्या तळ्याकडे सोडायचं. पण कितीही तुरटी ओतली तरी पाणी पिवळंच निघायचं, आणि साका इतका साठायचा की तो कुठे टाकायचा हाच प्रश्न व्हायचा. शेवटी तो परत डोंगरावरच जायचा.

वीरैया तिला रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय अक्का, आज किती काढा उकळलास?"

"तुझ्या वाटणीचा ठेवलाय," ती म्हणायची. पण तिला ते लागायचं. ज्यांनी त्याचे मासे मारले त्यांच्याच टाकीत ती हात घालते, असं त्याला वाटत होतं आणि ते खोटंही नव्हतं.

एके दिवशी विद्यापीठातून झैतून नावाच्या डॉक्टरबाई आल्या. औषधाच्या नव्हे, पाण्याच्या डॉक्टर. चाळिशीच्या, डोक्याला रुमाल, पायात गमबूट, बोलणं भराभर. त्यांनी शेडच्या कोपऱ्यात टेबल मांडलं, त्यावर ओळीने काचेची भांडी, प्रत्येकात फिरणारी एक पट्टी. तुरटी निम्मी करायची आणि उरलेलं काम झाडाच्या बियांकडून करून घ्यायचं, असा त्यांचा बेत होता. कुठलं झाड, तर शेवगा. अंजलैला हसूच आलं.

"डॉक्टर, आमच्या लाइनीत माणसं कमी आणि शेवगे जास्त. पण आम्ही त्याचं सांबार करतो."

"कोवळ्या शेंगांचं करा," झैतून म्हणाल्या. "जून झालेल्या मला द्या."

मग अंजलै घरोघर फिरली. झाडावर वाळून खडखडणाऱ्या शेंगा पोत्यांनी गोळा केल्या. दुपारी बायका तिच्या ओसरीवर बसून शेंगा फोडायच्या, बियांचे पातळ पंख उडवायच्या, पांढरे गर वेगळे काढायच्या. ते वाळवून कुटायचे, चाळायचे, मिठाच्या पाण्यात भिजवून गाळायचे आणि ते पांढुरकं पाणी तुरटीबरोबर टाकीत घालायचं. कितीला किती, हे बसवायला झैतूनना बरेच आठवडे लागले. कधी नुसता फेस व्हायचा. कधी साका बसायचाच नाही, पिठलं बिघडल्यासारखा मधेच लोंबकळत राहायचा. मग एका सकाळी भांड्यातला काढा असा स्वच्छ फाटला की खालच्या साक्यावर बोटभर, मग वीतभर निवळ उभी राहिली आणि भांड्यामागे धरलेल्या कागदावरची अक्षरं वाचता आली.

अंजलै बघतच राहिली. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये तिने असं पाणी पाहिलं नव्हतं.

"डॉक्टर, यात मासे जगतील?"

झैतून नोंदी आवरत होत्या. "अजून नाही. याने रंग जातो, गाळ जातो, बरीचशी घाण जाते. पण अमोनिया विरघळलेला असतो, तो बियांना धरता येत नाही. तुरटीलाही नाही. त्याला हवा मारायची वेगळी टाकी लागते. मी मागणी केली आहे." मग मान वर करून त्या म्हणाल्या, "तोवर कुणी मासे सोडू नका, बरं का अक्का."

अंजलैने मान हलवली. तिला कळलं होतं. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

त्या संध्याकाळी तिने एक बाटली भरून घेतली आणि वीरैयाच्या दारात नेऊन ठेवली. वीरैयाने ती उचलून मावळतीच्या उजेडात धरली. बराच वेळ धरली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तिने मासे मेल्यापासून पाहिलं नव्हतं. त्याने पाक्यमला हाक मारली. पाक्यमने बाटलीतून आपला हात बघितला.

"हे खाली येतंय? आपल्या तळ्यात?"

"आजपासून," अंजलै म्हणाली. आणि मग, जरा हळूच, "डॉक्टर म्हणतात अजून एक टाकी हवी. हवेची."

"कशाला?"

"उरलेलं काढायला."

"उरलेलं काय अक्का?" वीरैयाने बाटली तिच्या नाकासमोर धरली. "दाखव बघू मला काय उरलंय." आणि तो हसला.

तीही हसली. पुढे ती तो क्षण पुन्हा पुन्हा आठवायची. तिला तेव्हा म्हणता आलं असतं, तंबी, धाकट्या, दिसत नाही तेच मारतं. शब्द तोंडाशी होते. पण इतक्या वर्षांनी भाऊ तिच्यासमोर हसत होता आणि ते हसू तिने आणलेल्या पाण्यामुळे होतं. तिने त्याच्या हातची कॉफी घेतली आणि थोडा वेळ जाळ्यांबद्दल बोलत बसली.

हळूहळू तळ्याचा रंग उतरला. आधी काठाशी, मग मध्यापर्यंत. वीरैया रोज कामावरून आला की चौकटीवर उभा राहून खाली बघायचा. एक दिवस त्याने गोदामाची नोकरी सोडली. तैपूसमचा सण झाल्यावर त्याने चिलापीची बोटुकली आणली, बोटभर लांबीची, पिशव्यांत प्राणवायू भरून. अंजलैला त्याने आधी सांगितलं नाही. सोडून झाल्यावर बोलावलं.

"टाकी झाली नाही अजून," ती म्हणाली.

"कधी होणार?"

झैतूनची मागणी कुठल्यातरी टेबलावर होती.

"मग मी म्हातारा होईपर्यंत थांबू?" वीरैया म्हणाला. "बघ तरी."

तिने बघितलं. लालसर ठिपक्यांचा थवा जाळीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात वळत होता. जिवंत होता. त्याने मूठभर खाद्य टाकलं, पाणी फुटाण्यासारखं उडालं. तिने स्वतःची समजूत घातली, की तळं मोठं आहे, आपलं पाणी त्यात मिसळून पातळ होत असेल. डॉक्टरही कधी कधी जास्तच जपून बोलतात. झैतूनना तिने फोन केला नाही.

मासे वाढले. तळहाताएवढे झाले. पाक्यमने खानावळवाल्यांचे जुने नंबर शोधून काढले.

मग एप्रिल लागला आणि दुपारचे पाऊस सुरू झाले. रोज चारच्या सुमाराला काळं व्हायचं आणि तासभर आभाळ फाटल्यासारखं कोसळायचं. डोंगर भिजला की काढा दुप्पट येतो. साठवण तळं काठोकाठ भरायला लागलं. शेडचा मुख्य रिदुआन, ज्याला सगळे एन्चिक, म्हणजे साहेब, म्हणायचे, टाकीतून पाणी झपाट्याने पुढे काढायला लागला. ढवळायला आधी मिळायचा तेवढा वेळ मिळेना. घाईत चुनाही जरा जास्तच सढळ हाताने पडायला लागला. पाणी तरीही स्वच्छच निघत होतं. सगळ्यांना तेवढं पुरे होतं.

एका सकाळी अंजलै शेडचं कुलूप काढत होती तेव्हा पाक्यम चिखलातून धावत आली. पायात चप्पल नव्हती.

"अक्का, मासे वर आलेत."

अंजलै खाली गेली. पिंजऱ्यांत सगळे मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंडं वर काढून हवा गिळत होते. शेकडो तोंडं, उघडमीट, उघडमीट. एक बारीक चटचट आवाज तळ्यावर पसरला होता. वीरैया छातीपर्यंत पाण्यात उभा राहून फळीने पाणी झोडत होता, हवा मिसळावी म्हणून. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

"पलीकडच्या भाजीमळ्यातला पंप आण," तो पाक्यमला म्हणाला. "मळेवाल्या आह चाईला सांग, संध्याकाळी परत देतो."

अंजलैने झैतूनना फोन लावला. झैतून गाडी चालवत होत्या. ऐकता ऐकता त्यांनी गाडी बाजूला घेतली असावी, कारण मागचा आवाज थांबला.

"मासे? कुणी सोडले मासे?" आणि उत्तराची वाट न बघता, "चुना थांबवा. आधी चुना थांबवा, चुन्याने अमोनिया जास्त जहरी होतो. आणि तुमचं पाणी जितकं कमी खाली जाईल तितकं बरं. मी निघते, पण मला पोचायला दुपार होईल."

अंजलै वर धावली. पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखणारी, पण धावली. रिदुआन नुकताच आला होता. तिने चुन्याचं सांगितलं. त्याने कपाळाला हात लावला.

"चुना बंद केला तर पाणी आंबट जाईल. तपासणी आली तर मी लटकेन, अंजलै."

"मासे मरतायत, एन्चिक."

त्याने स्वतः जाऊन चुन्याचा पंप बंद केला. अंजलै मात्र तिथे थांबली नव्हती. ती बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी गेली, चाक दोन्ही हातांनी फिरवून फिरवून बंद केलं आणि त्याला पाठ टेकून खाली बसली.

रिदुआन आला तेव्हा ती तशीच होती. तो ओरडला नाही. ओरडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"टाकी भरलीय," तो म्हणाला. "आता साठवण तळ्यातून काही पुढे येणार नाही."

"नको येऊ दे."

"अंजलै, मी तुला हात लावणार नाही. कुणाला बोलावणारही नाही. तू फक्त उठ आणि एकदा बांध बघून ये. मग येऊन परत बस हवं तर."

ती गेली. साठवण तळं बांधाच्या कडेला लागलं होतं. बांधाच्या बाहेरच्या अंगाला, जिथे माती कोरडी असायला हवी, तिथे ओली चमक होती. मधे एका जागी बोटभर धार लागली होती आणि धारेबरोबर माती येत होती. खाली लाइन होती. ओळीने दारं, दोरीवर कपडे, मुनीश्वरनचं छोटं देऊळ, बालवाडीच्या ओट्यावर बसून रोटी खाणारी पोरं. आभाळ आत्ताच जड झालेलं होतं. दुपारी पाऊस येणार हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

ती उभी राहिली. तिने पुन्हा पुन्हा हिशोब मांडून बघितला, कुठे एखादी वाट निघते का. अर्धाच उघडावा का, थोडा वेळ थांबावं का, मातीची पोती टाकावीत का. रिदुआनने माणसं पोती भरायला आधीच लावली होती. पण पोती भरेपर्यंत पाऊस वाट बघणार नव्हता.

ती परत आली. रिदुआन व्हॉल्व्हपासून लांब उभा होता. तिने चाक धरलं. बंद करताना लागला होता त्यापेक्षा जास्त जोर उघडताना लागला, किंवा तिला तसं वाटलं. पाइपात आधी हवा गुरगुरली आणि मग पाणी सुटलं. काचेसारखं स्वच्छ.

मग ती खाली गेली. आह चाईचा पंप आला होता, पाण्याचा फवारा पिंजऱ्यांवर उडत होता. वीरैया अजून झोडत होता. त्याच्या दंडांना आता उचलवत नव्हतं, फळी नुसती पाण्यावर पडत होती.

"तंबी," ती काठावरून म्हणाली, "मी बंद केला होता. मग मीच उघडला. बांध फुटत होता."

वीरैयाने तिच्याकडे पाहिलं. "हं," तो म्हणाला, आणि पुन्हा फळी मारायला लागला. आणखी बराच वेळ मारत राहिला. मग फळी सोडून दिली आणि चौकटीला धरून नुसता उभा राहिला.

दुपारी पाऊस आला तेव्हा चटचट आवाज थांबला होता. झैतून आल्या त्याच पावसात. छत्री न उघडता त्या चौकटीवर गेल्या, एक मासा उचलून कल्ले उघडून बघितले, खाली ठेवला. मग वीरैयासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला मलय भाषा नीट यायची, त्यामुळे मधे कुणी लागलं नाही.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी एकदा तरी खाली येऊन तुम्हाला स्वतः सांगायला हवं होतं."

"अक्काने सांगितलं होतं," वीरैया म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

अंजलै शेजारी उभी होती. तिला वाटलं, आता बोलावं. सांगितलं होतं खरं, पण त्याने ऐकू नये अशाच आवाजात सांगितलं होतं, हे बोलावं. तिचं तोंड उघडलंच नाही. पाक्यमने मात्र मान वळवून तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या बघण्यात सगळं होतं.

दुसऱ्या दिवशी मासे पुरायला जागा मिळेना, इतके होते. खड्डा खणला तर पाणीच लागायचं. शेवटी कंपनीची गाडी आली. पाटीने भरभरून मासे गाडीत चढवले आणि गाडी वळणावळणाने डोंगरावर गेली. अंजलै खाली उभी राहून बघत होती. ते वर कुजतील, आणि कुठून पाझरून कुठे येतील, हे तिला कुणी सांगायला नको होतं. थोड्या दिवसांनी ते तिच्याच टाकीत येणार होते.

ती रात्रंदिवस त्याचाच विचार करायची. कामावर जायची, बिया भिजवायची, ढवळायची, व्हॉल्व्ह उघडायची. एकदा तिने रिदुआनला विचारलं की मी सोडलं तर हे काम कोण करेल. तो म्हणाला, "कुणीतरी करेल. बांधाकडे न बघणारं कुणीतरी." ती पुन्हा कामाला लागली.

वीरैया पिंजरे मोडायला लागला तेव्हा ती न बोलावता गेली. दोघांनी मिळून जाळ्या सोडवल्या, गाठी कापल्या, निळी पिंपं काठावर ओढली. तो तिच्याशी नीट बोलला. तेच तिला सहन होईना.

"ओरड ना माझ्यावर," ती म्हणाली.

"कशाबद्दल?"

"तंबी, मी तेव्हा हसायला नको होतं. बाटली घेऊन आले तेव्हा."

वीरैया एक गाठ सोडवत होता. ती सोडवून झाल्यावर म्हणाला, "तू हसली नसतीस तरी मी सोडलेच असते अक्का. एवढी वर्षं जाळ्या काय पडदे लावायला शिवत होतो?"

तो खरं बोलत होता की तिच्यावर दया करत होता, हे तिला कधीच ठरवता आलं नाही.

तो आणि पाक्यम सितियावानच्या बाजूला गेले, पाक्यमच्या भावाच्या ओळखीने. तिथे कुणा मोठ्या माणसाची मत्स्यशेती होती, वीरैया तिथे मजूर म्हणून लागला. दुसऱ्याचे मासे, दुसऱ्याचं पाणी. जाताना पाक्यम अंजलैला भेटली नाही. वीरैया भेटला, वाकून पाया पडला, आणि गाडीत बसला.

पुढच्या वर्षी झैतूनची हवेची टाकी झाली. मागितली होती तिच्या निम्मीच, पण झाली. दिवसभर घरघरत असायची. झैतून दर महिन्याला येऊन मोजायच्या आणि आकडा दर वेळी थोडा खाली आलेला असायचा. एकदा म्हणाल्या, "अक्का, असंच राहिलं तर दोनेक वर्षांत तुमच्या भावाला म्हणावं, थोडी बोटुकली सोडून बघ. अगदी थोडी. मी स्वतः येऊन मोजेन." अंजलैने ऐकून घेतलं.

रविवारी वीरैयाचा फोन यायचा. मुलीची चौकशी व्हायची, गुडघ्यांची व्हायची, तिकडे मालक कसा खेकसतो ते तो नक्कल करून सांगायचा. त्या रविवारीही आला. बोलता बोलता त्याने विचारलं, "तिकडे काय नवीन?"

टाकीचं तिने त्याला अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं तर तो येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दोन वर्षं थांबणार नाही, दोन महिनेही थांबणार नाही. पिंपं घेऊन येईल, जाळी घेऊन येईल, आणि पाण्यात बघत उभा राहील.

"काही नाही," अंजलै म्हणाली. "सगळं तसंच आहे."

"तसंच?"

"तसंच. तू जेवलास का?"